गवती चहा आणि वाळा : तेल कोणत्या पद्धतीने काढावे?

प्रश्न : आमच्याकडे दोन एकर गवती चहा आणि थोडा वाळा आहे. वाफेच्या यंत्रापेक्षा कार्बन डायऑक्साइडच्या यंत्रातून तेलाचा उतारा जास्त पडतो, असे एक विक्रेता सांगतो. ते यंत्र घ्यावे का?
– एक शेतकरी वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : उतारा जास्त पडतो हे खरे, परंतु त्या वाढीव वजनात सगळेच सुगंधी तेल नसते. दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये पानांवरचे मेण आणि न उडणारे जड घटकही विरघळतात. वाफेबरोबर मात्र उडणारेच घटक येतात. गवती चहाच्या तेलाचा भाव मुख्यतः त्यातील सिट्रलवर, म्हणजे लिंबासारखा वास देणाऱ्या घटकावर, ठरतो. सिट्रल एकटे सुमारे २२९ अंश सेल्सिअसला उकळते. पण तेल पाण्यात मिसळत नसल्यामुळे तेल आणि पाणी या दोघांच्या बाष्पदाबांची (वाफ होऊन निसटण्याच्या जोराची) बेरीज होते आणि ते १०० अंशांच्या आतच वाफेबरोबर निघून येते. त्यामुळे या पिकाला वाफेचेच यंत्र योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. कापलेला पाला सावलीत कोमेजू द्यावा, म्हणजे टाकीत तो जास्त मावतो आणि इंधन वाचते. पाला पाण्यात न बुडवता जाळीवर रचावा, नाहीतर तळाशी करपून तेलाला जळका वास लागतो.

कार्बन डायऑक्साइडची पद्धत कमी प्रतीची मुळीच नाही. ३१ अंशांच्या वर आणि सुमारे ७४ बारपेक्षा जास्त दाबाखाली हा वायू द्रावकासारखा वागतो, त्यामुळे उष्णतेने बदलणारे नाजूक घटक जसेच्या तसे मिळतात. उदाहरणार्थ, जर्मन कॅमोमाइल या औषधी फुलाच्या तेलाचा गडद निळा रंग मुळात फुलात नसतो, तो वाफेच्या उष्णतेने तयार होतो. कार्बन डायऑक्साइडने काढलेल्या अर्काला तो येत नाही. मात्र एवढा दाब सोसणारी जाड पोलादी भांडी फार महाग पडतात, आणि गवती चहाच्या भावात तो खर्च निघणे कठीण आहे.

वाळ्याला खरी गरज आहे ती धीराची. मुळांतील हलके घटक आधी येतात, खुसिमॉलसारखे जड घटक बऱ्याच उशिरा. म्हणून १८ ते २४ तास वाफ द्यावी लागते आणि मध्येच भट्टी विझवली तर उत्तम भाग मुळांतच राहतो. या तेलाची घनता पाण्याच्या जवळपास असल्याने ते लवकर वेगळे होत नाही. त्यासाठी कंडेन्सरमधून (वाफ थंड करणाऱ्या भागातून) येणारे पाणी फार गार होऊ देऊ नये.

विक्रेत्याकडे एकाच पाल्यापासून दोन्ही पद्धतींनी काढलेल्या नमुन्यांचे गॅस क्रोमॅटोग्राफी (तेलातील घटक वेगळे करून मोजणारी तपासणी) अहवाल मागा, आणि आपला खरेदीदार वजनाला भाव देतो की सिट्रलला, हे आधी विचारून घ्या.