आधी विचारा, टाकणार कुठे?

प्रश्न : कोथरूडमधला वडिलांचा जुना बंगला रिकामा करायचाय. माळ्यावरची अडगळ, दोन लोखंडी कपाटं, गाद्या आणि मागे पाडलेल्या न्हाणीघराचा राडारोडा, साधारण एक ब्रास. एकाने सहा हजार सांगितले, दुसऱ्याने अठरा. एवढा फरक?

उत्तर : दोघं एकाच कामाचे पैसे सांगत नाहीयेत. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. वीट-माती-सिमेंटचं हे वजन साडेतीन-चार टनांच्या घरात जातं, आणि छोटा हत्ती पाऊण टनाची गाडी आहे. म्हणजे नुसत्या राडारोड्याच्याच पाच खेपा. "एका खेपेत उरकतो ताई," असं कुणी म्हणालं तर एक तर त्याने माल पाहिलेला नाही, नाहीतर तो पहिल्या वळणावरच्या ओढ्यात रिकामा करणार आहे.

हे अनुभवाचे बोल आहेत. काही वर्षांपूर्वी मीही असाच स्वस्तातला टेम्पो ठरवला होता. आठवड्याने नदीकाठी फिरायला गेले, तर आमच्याच बाथरूमच्या निळ्या टाइल्स गवतात चमकत होत्या. तेव्हापासून मी भावाआधी "टाकणार कुठे?" हे विचारते. जो नीट जागा सांगतो, त्याचा भाव जास्त असतो आणि तो बहुधा रास्तही असतो. नियमांप्रमाणे बांधकामाचा राडारोडा वेगळा ठेवून ठरलेल्या केंद्रावर पोचवायची जबाबदारी घरमालकाची आहे. तेव्हा आधी क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करा आणि टेम्पोवाल्याकडून माल पोचवल्याची पावती मागा.

बाकीचं सामान या बोलीत घालूच नका. कपाटं, वायरी, पितळी नळ भंगारवाल्याला वजनावर द्या. काटा त्याचा असला तरी घरातली पाण्याने भरलेली वीस लिटरची बाटली आधी त्यावर ठेवून बघा, वीस किलोच्या थोडं वर दाखवायला हवं. कापसाच्या गाद्या गादीवाला पिंजायला नेतो, फोमच्या मात्र कुणी घेत नाही. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे. तुमच्या दारात रोज येणाऱ्या ताईंना विचारा, जुनं सामान आणि ई-कचरा कुठे द्यायचा हे त्यांना ठाऊक असतं. ट्यूबलाइट फोडून गोणीत कोंबू नका, आत पारा असतो.

आणि हो, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून भाव ठरवू नका. फोटोत खोली दिसते, वजन दिसत नाही. माणूस घरी बोलवा, चहा द्या, माळ्यावर चढवा. गाडीभाडं आगाऊ द्यायला हरकत नाही, मजुरी मात्र अंगण झाडून झाल्यावर.

प्रश्न : आमचं घर रत्नागिरीजवळ, राहतो डोंबिवलीला. पावसाळ्यात परसात कमरेएवढं गवत होतं. गावात माणसं मिळत नाहीत. इथूनच चार पोरं न्यावीत का?

उत्तर : नका नेऊ. शहरातल्या पोराला गवत आणि कोकमाचं रोप यातला फरक कळेलच असं नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी ग्रासकटरने दोन वर्षांची सहा रोपं एका सकाळीत गेली. "साफ करा म्हणालात, केलं," हे त्याचं उत्तर, आणि ते खोटंही नव्हतं! गावातलाच कुणी जाणता गडी धरा, एक दिवस त्याच्याबरोबर फिरून राखायच्या रोपांना लाल चिंध्या बांधा. ग्रासकटरवाला तासावर येतो की दिवसावर, पेट्रोल कुणाचं, हे फोनवरच बोलून घ्या.

वेळ महत्त्वाची. गणपतीआधी वाटेपुरतं आणि अंगणापुरतं काढा, कारण पाऊस असेतो ते पुन्हा उगवणारच. खरी कापणी नवरात्रानंतर, गवत वाळायच्या आत. वाळलेलं उभं गवत म्हणजे वणव्याला आमंत्रण.

चिऱ्यांच्या ढिगात फुरसं असतं, पालापाचोळ्यात घोणस, दोन्ही विषारी साप. गड्याला गमबूट तुम्ही घेऊन द्या. ढीग हाताने उचलायचा नाही, आधी काठी आपटायची, मग दाताळं. कुणाला चावलंच तर आवळपट्टी नको, जखमेवर काप देणं नको, मांत्रिक तर नकोच. माणसाला हालचाल करू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठा. त्या गावातून सर्वांत जवळ सर्पदंशावरचं प्रतिविष कुठे मिळतं, हे काम सुरू व्हायच्या आधीच विचारून ठेवा.

प्रश्न : अंगण साफ करणारी माणसं म्हणतात, पाचशे जास्त द्या, सेप्टिक टँकमध्येही उतरतो. चालेल का? (सातारा)

उत्तर : नाही. माणूस स्वतः तयार असला तरीही नाही. टाकीतल्या वायूचा वास आधी येतो आणि वायू वाढला की नाक बधिर होऊन येईनासा होतो. माणसाला वाटतं, हवा बरी झाली. पहिला कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. नगरपालिकेचा किंवा खासगी सक्शन टँकर बोलवा.

प्रश्न : माळी पालापाचोळा कोपऱ्यात जाळतो. शेजारी ओरडतात. (नागपूर)

उत्तर : शेजाऱ्यांचं बरोबर आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्येच उघड्यावर कचरा जाळण्याला पाच हजारांचा दंड सांगितला आहे. पानांचं खत करायला जाळीचा तीन फुटी पिंजरा करा, पानं दाबून भरा, अधूनमधून शेणकाला शिंपडा. नागपूरच्या उन्हात पाणी मात्र मारत राहावं लागतं. गाजरगवत फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून उपटलेलंच त्यात टाका, फुललेलं नको.

प्रश्न : नाशिकला आमच्या गुलमोहराच्या फांद्या छपरावर आल्यात. ठेकेदार म्हणतो, रविवारी पहाटे उरकू, परवानगी कशाला?

उत्तर : रविवारी पहाटे का, हेच त्याला विचारा. शहरी भागात 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे आणि वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी खासगी अंगणातल्या झाडालाही लागते. अर्ज, फोटो, पाहणी याला दिवस लागतात, पण ठेकेदार कोयता घेऊन पुढच्या गल्लीत निघून जातो आणि नोटीस झाडाच्या मालकाच्या पत्त्यावर येते.