लग्नानंतरचा पहिला व्हॅलेंटाईन, खिसा रिकामा असला तरी

अरे भावा, बजेट कमी आहे म्हणून टेन्शन घेऊ नको आणि उधारी करून गिफ्ट तर अजिबात आणू नको. १४ फेब्रुवारीला गुलाब उगाच महाग असतात, त्यापेक्षा आपल्या बेळगावच्या बाजारात, गणपत गल्लीतनं एक गजरा घे आणि तिच्या केसात तू स्वतः माळ. गोडाला पाव किलो कुंदा बास की, दूध आटवून आटवून तपकिरी झालेला, दाणेदार, गरम न करता तसाच खायचा. जेवण मात्र तूच कर, तिला गॅसजवळ येऊच देऊ नको, साधं पिठलं-भात पण चालतंय, फक्त लसणाची फोडणी करपवू नको म्हणजे झालं. मग मोबाईल बाजूला ठेवून गच्चीवर चटई टाका, बेळगावची थंडी तेव्हा पूर्ण गेलेली नसते, चादर घ्या. आणि भांडी पण त्याच रात्री तूच घास, हे मी मनापासून सांगतोय.