मुलगा गावोगाव फिरत राहिला तर?

टोरंटोजवळच्या मिल्टनहून एका आईचं लांबलचक पत्र आलंय. मुलगा पंधरा वर्षांचा, बर्फावरची हॉकी खेळतो, तीही ट्रिपल-ए म्हणजे मुलांच्या सगळ्यात वरच्या स्तरावर, डिफेन्समन म्हणजे बचावपटू आहे. पुढच्या ओएचएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे ओंटारियोच्या ज्युनियर लीगमधल्या टीम्स मुलं निवडतात त्यात, नाव येईल असं कोच म्हणतात. एनएचएल ही सगळ्यात वरची व्यावसायिक लीग. प्रश्न बरेच विचारलेत, पण खरा प्रश्न पार शेवटी दडवलाय: "ताई, एनएचएलमध्ये चमकला तर प्रश्नच नाही. पण कुठेच टिकला नाही, आज या टीमकडे, उद्या त्या टीमकडे करत तिशी आली तर? पुण्यात लोकांना काय सांगायचं?"

लोकांना काय सांगायचं! इतकी वर्षं परदेशात काढूनही हे सुटत नाही आपलं. नेहमीचे वाचक म्हणतील, बाईंचं पुन्हा सुरू झालं. होऊ दे. आपल्याला मुलं दोनच प्रकारची माहीत, पहिली आलेली आणि वाया गेलेली. मधला माणूस आपल्या खिजगणतीतच नसतो. आणि हॉकी तर मधल्या माणसांवरच चालते.

मॅचला प्रत्येक टीम साधारण सहा डिफेन्समन उतरवते. पहिली जोडी स्टारची. तिसऱ्या जोडीने गोलीसमोरची (गोलकीपरसमोरची) गर्दी हटवायची, पक म्हणजे ती रबरी चकती अंगावर घ्यायची, पेनल्टी किल करायची म्हणजे आपला एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना गोल वाचवायचा आणि टाळ्यांची अपेक्षा ठेवायची नाही. एनएचएलचा मोसम ऐंशीहून जास्त मॅचेसचा. कुणाचा घोटा जातो, कुणाचा खांदा, मग फोन जातो तो अनुभवी माणसाला. त्यातून उजव्या हाताचे डिफेन्समन मुळात कमी. तुमचा मुलगा राइट शॉट, म्हणजे उजव्या हाताचा, आहे हे तुम्ही कंसात लिहिलंय. अहो, ते ठळक लिहायचं!

डिफेन्समन ल्यूक शेन आठवतोय ना? २००८च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये टोरंटोच्या लीफ्सनी त्याला पाचव्या क्रमांकावर उचललं आणि अठराव्या वर्षी तो थेट एनएचएलमध्ये आला. पुढे फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस, ॲरिझोना, ॲनाहाइम. २०१८-१९मध्ये ॲनाहाइमने त्याला खाली एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या लगेच खालच्या लीगमध्ये, सॅन डिएगोला धाडलं. अशा जुन्या खेळाडूला खाली पाठवण्याआधी वेव्हर्सवर ठेवतात, म्हणजे चोवीस तासांत बाकीच्या कुठल्याही टीमने हवा तर न्यावा. कुणी नेला नाही. वय २९. आपल्याकडचा असता तर एव्हाना मामाने एमबीएचे फॉर्म आणून दिले असते. त्याच मोसमात ट्रेड होऊन, म्हणजे टीम्समधल्या अदलाबदलीत, तो व्हँकुव्हरकडे गेला, तेही आधी युटिकाच्या एएचएल टीममध्ये. तिथून वर आला आणि नवख्या क्विन ह्यूजच्या जोडीला खेळला. मग टॅम्पा बे, आणि २०२० व २०२१ असे लागोपाठ दोन स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये नॅशव्हिलकडून त्याची हजारावी मॅच झाली. दुसरा डिफेन्समन रॉन हेन्झी, त्याचं तर विचारूच नका. २००० साली पहिल्या फेरीत निवडलेला माणूस, पण ९०७ मॅचेस झाल्यावर, २०१७मध्ये, त्याला पहिली प्लेऑफ मॅच, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीतली, मिळाली. त्याच वर्षी पिट्सबर्गबरोबर कप.

हे दोघे वर पोचलेले. बहुतेकांचं आयुष्य एएचएल, तिच्याही खालची ईसीएचएल आणि मग जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, ब्रिटन अशा लीग्जमध्ये जातं. २०२४-२५मध्ये एनएचएलचा किमान पगार ७ लाख ७५ हजार अमेरिकन डॉलर होता. ईसीएचएलमध्ये मोसमापुरता आठवड्याचा पगार आणि राहायला क्लबची जागा. श्रीमंती नाही. संसाराचे हालही होतात.

पण ही बदलीची नोकरी आहे, आणि ती आपल्याला का नवीन आहे? माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. जळगाव, परभणी, चिपळूण. आईने भांड्यांच्या लाकडी पेट्या कधी मोडीत काढल्या नाहीत, त्यांवरच गादी घालून दिवाण करायची, पाहुणे त्यावर बसून चहा प्यायचे. "हा माणूस कुठे टिकत नाही" असं वडिलांना कुणी म्हटलं नाही. माझ्या नवऱ्याने डेट्रॉइट, हार्टफर्ड, मिसिसागा सगळं कॉन्ट्रॅक्टवर केलं, त्याचं सासरी कौतुक. आणि तुम्हीच लिहिलंय की दुबई, न्यू जर्सी करत मिल्टनला आलात! तुमचं ते करिअर, आणि मुलाने केलं की भटकणं?

तिशीनंतरची काळजी मात्र रास्त आहे, तिची सोय आत्ताच करा. ओएचएलच्या करारात शिष्यवृत्ती असते, ढोबळमानाने खेळलेल्या एका मोसमामागे कॉलेजच्या एका वर्षाची फी. प्रो करार केला किंवा फार उशीर केला तर ती हातची जाऊ शकते. ते पान सही करण्याआधी वकिलाकडून वाचून घ्या. १ ऑगस्ट २०२५पासून ओएचएल खेळलेल्या मुलांना अमेरिकन कॉलेजांत एनसीएएची, म्हणजे तिथल्या आंतरकॉलेज स्पर्धांची, हॉकीही खेळता येते, पूर्वी ते दार बंद व्हायचं. माझ्या कॅलगरीच्या भाच्याने हॉकीबरोबर एकेक कोर्स करत अकाउंटिंग पुरं केलं. त्याची आई वर्षभर रडत होती, आता तोच तिचा टॅक्स भरतो.

बाकीचं थोडक्यात. डोक्याला मार बसला तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत बर्फावर पाऊल नाही, कोच काहीही म्हणो. सू सेंट मरीसारख्या दूरच्या गावच्या टीमने निवडलं तर बिलेट कुटुंबाकडे, म्हणजे खेळाडूला घरी ठेवून घेणाऱ्या स्थानिक कुटुंबाकडे, राहावं लागेल. तो बीफ खात नाही हे पहिल्याच फोनवर सांगा, लोक समजून घेतात. आणि त्याला वरण-भाताचा कुकर लावायला शिकवा. काचेमागून ओरडणाऱ्या बाबांना कॉफी आणायला पाठवा. आजींचा नवस आजींना फेडू द्या.

रविवारची मराठी शाळा बुडते म्हणता. मॅच असेल तर मॅचला पाठवा. वर्गाच्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत, मी बोलते त्यांच्याशी.