खताचा डबा: पहिल्या महिन्यात घाई नको

पर्यावरणासाठी एकदम सगळंच बदलायला निघालात, ते आधी थांबवा. प्लॅस्टिक, वीज, पाणी, गाडी, सगळं एकाच आठवड्यात सुधारायला गेलात तर महिन्याभरात कंटाळाल. घरातल्या ओल्या कचऱ्यापासून सुरुवात करा, डब्यात त्याचं खत करा. कचराडेपोच्या ढिगात तो हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. 100 वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 25 पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो.

डब्याला बाजूने आणि तळाला भोकं पाडा. गोम अशी की नुसती सालं टाकून खत होत नाही, चिखल होतो. एक ओंजळ ओलं, तर दोन-तीन ओंजळी वाळका पाला, भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा. सूक्ष्मजीवांना नायट्रोजनच्या एका भागामागे 25 ते 30 भाग कार्बन लागतो, तो या कोरड्या मालातून मिळतो. माझा पहिला डबा असा काही वास मारायला लागला की घरच्यांनी तो दाराबाहेर काढला. चूक माझीच. पुठ्ठा घालून खालीवर केला, चार दिवसांत वास गेला.

ओलावा बघायला मूठभर माल पिळा. एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर कोरडं वाढवा. ढीग मधोमध गरम लागला तर घाबरू नका, काम चालू आहे. शिजवलेलं, तेलकट सध्या नकोच. आणि हो, फळांवरचे स्टिकर आधी काढा. सहा महिन्यांनी खत चाळताना ते जसेच्या तसे हाताला लागतात.