मुंबईत हिवाळ्यात हवा वाईट असताना पहाटे धावायला जावे का?

हवा गुणवत्ता निर्देशांक २०० च्या वर असेल त्या दिवशी पहाटे रस्त्याकडेने धावणे टाळावे आणि व्यायाम घरातच करावा. विश्रांतीच्या वेळी आपण मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो, तर जोरात धावताना हेच प्रमाण ६० लिटरच्या पुढे जाते. शिवाय तोंडाने श्वास घेतल्यामुळे नाकाची गाळणी चुकते आणि २.५ मायक्रॉनहून बारीक कण अधिक संख्येने फुप्फुसांत खोलवर, थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. वाहनांच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० पट अधिक ओढीने चिकटतो, त्यामुळे स्नायूंना प्राणवायू कमी पडून दमही लवकर लागतो. पहाटेची हवा शुद्ध असते हा आवडता समज हिवाळ्यात तरी सोडावा, कारण जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार थर झाकणासारखा बसतो आणि ऊन तापेपर्यंत धूर खालीच साचून राहतो. मात्र २०० ची ही मर्यादा निरोगी प्रौढांसाठी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणानुसार दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना १०१ पासूनच त्रास संभवतो, तेव्हा त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.