जेरी शॅट्झबर्ग : फॅशनच्या फोटोंपासून चित्रपटांपर्यंत

आपण विचारले आहे की, फॅशन आणि ग्लॅमरचे फोटो काढण्यात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस गंभीर चित्रपट करू शकतो का, आणि कोणी केले असल्यास त्याची वाटचाल कशी झाली. मी बेळगावात शहापूर भागात गेली २४ वर्षे फोटो स्टुडिओ चालवतो. लग्नाचे अल्बम, स्थळे पाहण्यासाठी लागणारे मुलामुलींचे फोटो आणि पासपोर्ट आकाराचे फोटो हे माझे रोजचे काम. या प्रश्नाचे उत्तर देताना माझ्यापुढे एकच नाव येते, ते अमेरिकेतील जेरी शॅट्झबर्ग यांचे.

शॅट्झबर्ग यांचा जन्म १९२७ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला. घरचा धंदा फरच्या कपड्यांचा होता आणि काही काळ त्यांनी तो केलाही, पण मन तिथे रमले नाही. १९५० च्या दशकात ते बिल हेल्बर्न या छायाचित्रकाराच्या हाताखाली साहाय्यक म्हणून राहिले, काम शिकले, आणि नंतर स्वतंत्रपणे 'व्होग', 'एस्क्वायर', 'ग्लॅमर' अशा मासिकांसाठी फोटो काढू लागले. १९६० च्या दशकात त्यांचे नाव झाले ते या मॉडेल आणि कलावंतांच्या फोटोंमुळे.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध फोटो मात्र हललेला आहे. अमेरिकन गायक बॉब डिलन यांच्या १९६६ च्या 'ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड' या रेकॉर्डच्या वेष्टनावर तो छापला आहे. तपकिरी जाकीट, गळ्यात चौकड्यांचा मफलर, विस्कटलेले केस आणि सगळी आकृती धूसर. कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर उभे राहून दोघेही कुडकुडत होते, त्यामुळे काही फोटो हलले, आणि डिलन यांनी नेमका त्यांतलाच एक निवडला. माझ्याकडचा फोटो असा हलला असता तर मी तो गिऱ्हाइकाला दाखवलाही नसता. पण या फोटोत ती थंडी दिसते, त्या माणसाचा अस्वस्थपणा दिसतो, आणि शॅट्झबर्ग यांचे पुढचे चित्रपट मला तरी या एका फोटोतूनच समजू लागले.

चित्रपटाकडे ते वळले तेही एका मॉडेलमुळेच. अ‍ॅन सेंट मरी ही १९५० च्या दशकातील नामवंत मॉडेल त्यांची मैत्रीण होती. तिची उमेद ओसरल्यावर आणि मन खचल्यावर शॅट्झबर्ग यांनी तिच्याशी झालेले बोलणे टेपवर मुद्रित करून ठेवले. त्या टेपांच्या आधारे त्यांनी १९७० साली 'पझल ऑफ अ डाउनफॉल चाइल्ड' हा पहिला चित्रपट केला. त्यात फे डनअवे यांनी समुद्रकाठच्या घरात एकटी राहणारी माजी मॉडेल रंगवली आहे. ती आपल्या छायाचित्रकार मित्राला स्वतःची गोष्ट सांगत राहते आणि तिच्या आठवणींचा एकमेकींशी मेळ बसत नाही. ज्या धंद्याने नाव दिले त्याच धंद्यात माणसाचे काय होते, हे पहिल्याच कामात एवढ्या आपुलकीने आणि प्रामाणिकपणे मांडायला मोठे धैर्य लागते, असे मला मनापासून वाटते.

पुढच्याच वर्षी आलेल्या 'द पॅनिक इन नीडल पार्क' मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरील हेरॉइनच्या आहारी गेलेले एक जोडपे दाखवले. पटकथा जोन डिडियन आणि जॉन ग्रेगरी डन यांची. या चित्रपटाला पार्श्वसंगीतच नाही. कानावर पडतो तो केवळ रस्त्याचा आणि माणसांचा आवाज. अल पचिनो यांची ही पहिली प्रमुख भूमिका, आणि किटी विन यांना त्यासाठी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

माझा सर्वांत आवडता चित्रपट १९७३ चा 'स्केअरक्रो'. त्याची सुरुवात मी कितीदा पाहिली असेन याचा हिशेब नाही. आभाळ दाटून आलेले, वाळलेल्या गवताचा उतार आणि ओसाड रस्ता. जीन हॅकमन उतारावरून खाली येतात, तारेच्या कुंपणात अडकतात, कसेबसे सुटतात. झाडाआडून पचिनो ते पाहत असतात. मग दोघे अनोळखी माणसांसारखे अंतर राखून लिफ्टची वाट पाहत उभे राहतात. आमच्याकडे खानापूर रस्त्यावरच्या एखाद्या फाट्यावर वडापची वाट पाहणारी दोन माणसे अशीच उभी असतात. एकमेकांकडे न पाहता एकमेकांचा अंदाज घेत. हॅकमन यांची चिरूट काही केल्या पेटत नाही, तेव्हा पचिनो आपल्याजवळची शेवटची काडी देतात, आणि दोघांची मैत्री तिथून सुरू होते. हे दृश्य उत्तम दिसते ते छायालेखक विल्मोस झिगमंड यांच्या कॅमेऱ्यामुळे, पण माणसांना एवढा वेळ उभे राहू देणे ही दिग्दर्शकाची निवड होती. समोरचा माणूस पोझ विसरेपर्यंत थांबणे हे काम स्टुडिओत आम्हीही करतो. कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार त्या वर्षी या चित्रपटाला दुसऱ्या एका चित्रपटासोबत विभागून मिळाला.

त्यानंतरही ते चित्रपट करत राहिले. १९८७ च्या 'स्ट्रीट स्मार्ट' मुळे मॉर्गन फ्रीमन यांना ऑस्करचे पहिले नामांकन मिळाले, आणि १९८९ च्या 'रीयुनियन' ची पटकथा हॅरॉल्ड पिंटर यांनी लिहिली. २०११ च्या कान महोत्सवाच्या पोस्टरवर जो कृष्णधवल फोटो होता, तोही शॅट्झबर्ग यांनी १९७० साली काढलेला फे डनअवे यांचा.

आपल्याला पाहायचेच असेल तर आधी 'स्केअरक्रो' पाहावा आणि मगच 'पझल' कडे जावे, कारण 'पझल' मधल्या विस्कळीत आठवणी प्रेक्षकाकडून अधिक धीर मागतात. आणि मध्ये एकदा तो डिलन यांचा हललेला फोटो मोठ्या आकारात, सावकाश पाहावा.