खाडीत गरवायला जायचे, तर तिथी पाहा

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. मुळशीच्या पाण्यावर गळ टाकून बसण्याचा मला जुना नाद आहे. मेच्या मध्यास आई (वय ७२) आणि दोन मुले यांच्यासह दाभोळ ते जयगड असा प्रवास किनाऱ्याने होडीतून, मासे धरत, सावकाश करावा असे मनात आहे. हे जमेल का? शनिवार-रविवार धरून कोणते दिवस घ्यावेत?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बेत चांगला आहे, मात्र ‘किनाऱ्याने होडीतून’ हा भाग सोडून द्यावा. दाभोळ आणि जयगड यांच्यामध्ये उघडा समुद्र आहे. मे महिन्यात सकाळी तो कितीही शांत दिसला, तरी दुपारी खारे वारे जोर धरतात, आणि ओहोटीचे पाणी खाडीतून बाहेर पडत असताना समोरून वारा आला, की मुखाशी उठणाऱ्या लाटा लहान होडीला झेपत नाहीत. त्याऐवजी दाभोळला वाशिष्ठीची आणि जयगडला शास्त्रीची खाडी होडीने पाहावी, आणि मधला गुहागर, वेळणेश्वर, हेदवीचा किनारा गाडीने. दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या दोन्ही ठिकाणी फेरीबोटीत गाडी चढते. हेदवीची बामणघळ (खडकातली अरुंद घळ, जिच्यात भरतीचे पाणी उंच उसळते) मात्र भरतीच्या वेळीच गाठावी. ओहोटीला ती नुसती कपार असते.

दिवसांविषयी. आपण शनिवार पाहता, खाडी तिथी पाहते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, हा जुना हिशेब मुंबईच्या आसपास बराच जुळतो; रत्नागिरीकडे भरती त्याहून थोडी आधी येते. अष्टमीला ही वेळ सहाची, एकादशीला सव्वाआठची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ फार असते आणि अष्टमीच्या भांगात, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी आळसावलेले असते. गरवणाऱ्याला, म्हणजे गरीने (गळाने) मासे धरणाऱ्याला, दोन्ही नको. म्हणून दशमी ते द्वादशी हे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात: पहाटे चढत्या पाण्याबरोबर खाडीत आत जावे, भरती पुरी होईपर्यंत गरी टाकून बसावे आणि वारा सुटण्यापूर्वी उतरत्या पाण्याबरोबर परतावे, म्हणजे दोन्ही वेळा पाणीच होडी नेते. (एकादशीला मासे धरण्यास मातोश्रींची हरकत असेल, तर तो दिवस बामणघळीसाठी ठेवावा.)

धरणातील अनुभव येथे अर्धाच उपयोगी पडेल. धरणाच्या स्थिर पाण्यात धीर धरून बसले, की काम होते. खाडीत पाणी वाहते असेपर्यंतच मासा आमिषाला तोंड लावतो, आणि भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यात गरी ओढून घेऊन सरळ डबा उघडावा. आमिष म्हणून ताजी कोलंबी पुरते. खडकांच्या आणि कांदळवनाच्या कडेला तांबोशी मिळण्याचा संभव असतो. सर्वांत आधी गरीला लागेल तो बहुधा शिंगाळा. त्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांजवळचे काटे विषारी असतात, म्हणून तो मुलांना हाताने सोडवू देऊ नये. काटा लागलाच, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात जखम अर्धा तास तरी बुडवून ठेवावी आणि मग डॉक्टरांकडे जावे.

होडी गावातल्या माणसाचीच घ्यावी, आणि प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय तिच्यात पाऊल ठेवू नये. वाशिष्ठीच्या वरच्या भागात, मालदोलीच्या बाजूस, मगरी आहेत. तेथे मुलांनी पाण्यात हात-पाय सोडून बसू नये. मेच्या अखेरच्या आठवड्यात पर्यटकांच्या होड्यांची वाहतूक पावसाळ्यासाठी थांबते आणि १ जूनपासून यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी लागते, तेव्हा मेच्या मध्यास सोयीची तिथी सापडली नाही, तर बेत पुढे ढकलण्यापेक्षा आठवडाभर अलीकडे ओढावा.